लाइट आणि टॉवर दोन्ही गेल्यावर ७२ तास हॅम स्टेशन : बॅटरीचा हिशोब तपासून द्या

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळुणात आपत्तीच्या वेळी चालेल असं एक हॅम, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचं, स्टेशन उभं करायचं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथे वीज आणि मोबाइल दोन्ही सोबतच गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत वीज यायला आठवडे लागले. आठवडे राहू देत, निदान पहिले ७२ तास तरी स्टेशन बंद पडू नये एवढीच अपेक्षा आहे. परवाना असलेले चौघे आहोत, म्हणजे माणसांचा प्रश्न नाही.

हाताशी असलेलं सामान : आयकॉम ७३०० (लांबच्या संपर्काचा एचएफ सेट), एक ५० वॉटचा व्हीएचएफ मोबाइल (गाडीत बसवायचा, जवळच्या संपर्काचा) सेट, दोन हँडी (हातातले छोटे सेट), घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (ॲम्पिअर-तास) शिसे-ॲसिडची ट्यूब्युलर बॅटरी (एकच, १२ व्होल्टची, दीड वर्ष जुनी), १०० वॉटचं एक सोलर पॅनल आणि त्याचा स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी भरणारा).

विचार असा आहे की इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टवर एसएमपीएस (२३० चे १३.८ व्होल्ट डीसी करणारा पुरवठा) लावायचा आणि त्यावर सेट चालवायचे. पण ७३०० च्या माहितीपत्रकात ट्रान्समिटला २१ ॲम्पिअर लिहिलेत. त्याला २४ तासांनी गुणलं तर दिवसाला ५०४ एएच होतात, तीन दिवसांचे दीड हजार! एवढ्या बॅटऱ्या ठेवायच्या तर घरात माणसं कुठे राहणार?

म्हणून विचारतो :
१. खरी गरज किती एएचची?
२. एसएमपीएस ठेवावा की थेट बॅटरीवरून घ्यावं?
३. व्हीएचएफ कुंभार्ली घाटाला अडतं. पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी गाठायला अँटेना कुठली?
४. जुलैच्या झडीत पॅनलचा काही उपयोग होतो का?

ॲम्पतास

२१ ॲम्पिअर म्हणजे १०० वॉटवर सलग कॅरियर (अखंड रेडिओ लहर) सोडलात तर. तुम्ही २४ तास अखंड बोलणार नाही. आणि बोलणार असाल तर बॅटरी सोडा, समोरच्याची दया करा.

हिशोब तीन भागांत करा : ऐकण्याचा, बोलण्याचा आणि निष्कारण जळण्याचा. तिसरा भाग सगळ्यात मोठा निघतो.

एचएफ. ७३०० नुसता ऐकताना ०.९ ते सव्वा ॲम्पिअर घेतो. तो दिवसभर चालू ठेवायची गरजच नाही. दर तासाला ठरलेल्या वेळी १५ मिनिटं लावा, म्हणजे दिवसाचे ६ तास झाले, साधारण ७ एएच. त्या १५ मिनिटांत ४ मिनिटं बोललात तर दिवसाचा दीड तास भरतो. आउटपुट ५० वॉटवर ठेवून एसएसबीवर (एचएफवर बोलायची नेहमीची पद्धत) साधं बोलताना सरासरी ८ ॲम्पिअर धरा, म्हणजे १३ एएच. एकूण २०.

व्हीएचएफ मात्र कायम चालू हवा, कारण गावात फिरणारे तुमच्यातले परवानाधारक हँडीवरून कधीही हाक मारतील. ऐकायला अर्धा ॲम्पिअर, २४ तासांचे १२ एएच. बोलायचं १० वॉटच्या 'लो'वर, ४ ॲम्पिअरने दोन तास, म्हणजे ८. पुन्हा २०.

वर दोन्ही हँडी दिवसातून दोनदा चार्ज करायला ५, चार मोबाइलना ५ आणि १२ व्होल्टवरचे ५ वॉटचे दोन एलईडी सहा तास लावले तर आणखी ५.

बेरीज ५५ एएच. तीन दिवसांचे १६५. कुठे दीड हजार, कुठे १६५!

आता निष्कारण जळण्याबद्दल. इन्व्हर्टरला काही जोडलेलं नसलं तरी तो १० ते २० वॉट खातो. १५ धरले तर दिवसाचे ३६० वॉट-तास, म्हणजे ३० एएच. तुमचे एचएफ आणि व्हीएचएफ मिळून ४० खातात आणि रिकामा इन्व्हर्टर एकटाच ३०. त्यापुढे एसएमपीएस लावला की १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १३.८. दोन्ही टप्प्यांना ८५ टक्के कार्यक्षमता दिली तरी शेवटी ७२ टक्केच हातात उरतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : थेट बॅटरीवरून घ्या. लाइट गेली की इन्व्हर्टर मागच्या बटणाने पूर्ण बंद करा.

तुमच्या १५० एएचमधून बॅटरीची तब्येत राखून ७५ मिळतील. आणीबाणी म्हणून ८० टक्के उपसलीत तर १२०. म्हणजे दीड ते दोन दिवस, तेही घरच्यांनी हात लावला नाही तर. ७० वॉटचा जुना पंखा इन्व्हर्टरवरून ८ तास चालला की ५५ एएच जातात. एक पंखा एक रात्र म्हणजे तुमचं अख्खं स्टेशन एक दिवस. हे घरी आधीच बोलून ठेवा, त्या रात्री नव्हे.

एक ताकीद. हे वाचणाऱ्या कुणाकडे २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. ती एकटी उपसली जाते, चार्जिंगला मात्र दोघींना सारखाच करंट मिळतो. एक कायम उपाशी, दुसरी कायम उकळती, आणि काही महिन्यांत दोन्ही भंगारात.

तांबडी-काळी

वरच्या हिशोबाला +१. पण थेट बॅटरीवरून घ्या म्हटलं की लोक घरातली अडीच चौरसची वायर ओढतात आणि नंतर सेट खराब आहे म्हणून ओरडतात.

अडीच चौरस मिमीच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम. बॅटरी ३ मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून ६ मीटर, ४८ मिलिओहम. २० ॲम्पिअरला त्यात जवळजवळ १ व्होल्ट पडतो. अर्धी उतरलेली ट्यूब्युलर १२.१ ला असते. त्यातून १ वजा केला की सेटपाशी ११.१. ७३०० ला १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के लागतात, म्हणजे तळ ११.७. सेट बोलताना बंद पडेल किंवा आवाज फाटेल, आणि ऐकताना सगळं ठीक दिसेल, कारण १ ॲम्पिअरला तीच वायर व्होल्टाचा अर्धा दशांशसुद्धा पाडत नाही. दोष शोधणारा इथेच चकतो. मीटर सेटच्या टर्मिनलला लावा आणि माइक दाबून बघा.

६ चौरस घ्या, तोच लॉस ०.४ व्होल्टवर येतो. १० चौरस मिळाली तर उत्तम. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावाने खपते. टोक चाकूने खरवडा, आतून पांढरं निघालं तर परत करा.

फ्यूज सेटपाशी नव्हे, बॅटरीपाशी. फ्यूज वायरला वाचवतो, सेटला नाही. टर्मिनलपासून वीतभर अंतरात ३० ॲम्पिअरचा मुख्य, पुढे वाटणीच्या पट्टीवर एचएफला २५, व्हीएचएफला १५, दिवे-मोबाइलला ५. काचेच्या नळीचे फ्यूज नकोत, त्यांची क्लिप गंजते आणि तापते. गाडीतले पात्याचे फ्यूज घ्या, कुठल्याही गॅरेजात मिळतात. प्रत्येक आकड्याचे पाच जादा ठेवा.

आणि चौघांचे कनेक्टर एकाच जातीचे, एकाच दिशेने बसवलेले हवेत. अँडरसन पॉवरपोल घ्या किंवा एक्सटी-६० घ्या, माझा आग्रह नाही, पण एकच ठरवा. आपत्तीत कुणाची बॅटरी कुणाच्या सेटला लागेल सांगता येत नाही, आणि अंधारात उलटी जोडणी व्हायला दोन सेकंद पुरतात.

माळ्यावरचा

सगळे एएच मोजताहेत. किलो कुणीच मोजत नाही.

१५० एएच ट्यूब्युलर ॲसिडसकट ५० ते ६० किलो भरते. चिपळूणच्या बाजारपेठेत २०२१ ला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. पहाटे पाणी दारात आलं तर ती बॅटरी जिन्यावरून कोण नेणार, आणि वाटेत कलंडली तर ॲसिड कुणाच्या पायावर? १०० एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ११-१२ किलोची असते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सेटची पेटी घेऊन माणूस गच्चीवर जातो. तिच्यातले ८०-९० एएच निर्धास्त वापरता येतात. म्हणजे ११ किलोत तुमच्या ५५ किलोपेक्षा जास्त.

घेताना दोन चाचण्या. पहिली वजनाची. १०० एएचचा अस्सल सेल दोन किलोच्या आसपास असतो, असे चार. '१०० एएच' लिहिलेली पेटी सहा किलोची निघाली तर आत काय आहे ते विचारायलाच नको. दुसरी : पूर्ण चार्ज करून गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब समांतर लावा, मध्ये साधा डीसी वॉटमीटर. साधारण ९ ॲम्पिअरचा लोड होतो, ११ तासांनी बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) तोडलं पाहिजे. सात तासांत तोडलं तर दुकानदाराकडे चला. बल्ब भयंकर तापतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका.

व्होल्टेज बघून ती किती उरली हे कळत नाही. १३.३ पासून १३.१ पर्यंत जाता जाता निम्मी संपलेली असते, शेवटी एकदम कोसळते आणि बीएमएस तोडतो. ट्यूब्युलरसारखी 'दमलीय हं' अशी आगाऊ सूचना नाही. म्हणून शंट (करंट मोजायचा छोटा रोध) लावून एएच मोजणारा मीटर हवाच.

ॲम्पतास

माळ्यावरचा, वजनाचा मुद्दा बिनतोड. पण एलएफपीचा बीएमएस गेला तर तालुक्याच्या गावात कोण दुरुस्त करतो? ट्यूब्युलर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळते, डिस्टिल्ड पाणी घातलं की चालते, आणि मरताना आठवडाभर आधी सांगून मरते. माझं मत : असलेली ट्यूब्युलर घरात राहू द्या, एलएफपी १०० एएचची दुसरी घ्या.

फक्त दोन्ही समांतर जोडू नका. एलएफपी शांतपणे १३.३ ला बसते, शिसं १२.७ ला. जोडलं की लिथियम शिशाला भरत बसते आणि तुम्हाला वाटतं दोन बॅटऱ्या आहेत. मध्ये बोटीवर असतो तसा फिरता स्विच टाका, एका वेळी एकच. त्या स्विचवर 'दोन्ही' अशी खूण असते, तिच्यावर टेप चिकटवा.

खालचा डायपोल

तिसरा प्रश्न. इथे लोक उंच टॉवरच्या मागे लागतात आणि तीच चूक होते.

चिपळूणहून सरळ रेषेत पुणे सुमारे ११५ किमी, कोल्हापूर १२०, रत्नागिरी ६५, मुंबई १८५. एवढं अंतर एचएफच्या भूलहरींना (जमिनीलगत जाणाऱ्या लहरींना) लांब आणि २० मीटर बँडच्या (१४ मेगाहर्ट्झ) आकाशातून होणाऱ्या उडीला फार जवळचं. २० मीटरवर तुमचा आवाज पुण्याच्या डोक्यावरून दिल्लीला जाईल. हवं आहे ते सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) छत्रीसारखं खाली पसरणारं, म्हणजे एनव्हीआयएस. त्यात मध्ये सह्याद्री आहे की नाही याने काडीचा फरक पडत नाही, कारण लहर डोंगरावरून उतरते. आणि त्यासाठी अँटेना खालीच हवी. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेली तार, जमिनीपासून ४-५ मीटरवर पुरे. आंब्याचं झाड आणि गच्चीचा कठडा असला तरी काम होतं.

माप : मेगाहर्ट्झने १४३ ला भागा, मीटरमध्ये एकूण लांबी येते. ७.१ ला २०.१, म्हणजे बाजूला १०.०५. हे उघड्या तारेचं. तुम्ही घरगुती दीड चौरसची पीव्हीसी वायर वापराल, तिला दोन-तीन टक्के कमी लागते, आणि डायपोल खाली असला की आणखी थोडा सरकतो. तरी थोडी जादा ठेवून १०.३ मीटरच्या दोन बाजू कापा, वर चढवा, मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लहर परत येते त्याचं माप) बघा. सगळ्यात कमी आकडा ६.९ ला येत असेल तर वायर लांब आहे. दोन्ही बाजूंना १० सेंमी कमी केलं की साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतं. कापू नका, टोक दुमडून स्वतःवरच गुंडाळा. कापलेली वायर परत वाढत नाही.

फीडपॉइंटला (दोन तारा केबलला जुळतात तिथे) विकतचा बलून (केबलवरचा नको तो करंट अडवणारा तुकडा) नसेल तर १०-१२ सेंमीच्या पीव्हीसी पाइपवर सेटकडे जाणाऱ्या केबलचे, म्हणजे कोअॅक्सचे ८-१० वेढे गुंडाळा. टोकांचे इन्शुलेटर म्हणून पाइपचेच तुकडे चालतात.

रात्रीसाठी ८० मीटर लागेल : ३.६ ला एकूण ३९.७, बाजूला जवळजवळ २० मीटर. त्याच फीडपॉइंटला दुसरी जोडी लावा, टोकं जागेप्रमाणे वाकवा. दुपारी ८० मीटर आयनोस्फिअरच्या खालच्या डी थरात विरतो, तेव्हा ४०. संध्याकाळी दोन्ही. पहाटे ४ ते ६ या वेळात आयनोस्फिअर सगळ्यात विरळ असतो, ४० मीटरवर पुणे अचानक गायब होतं आणि लोक कनेक्टर हलवत बसतात. ८० वर जा, सूर्य उगवला की ४० परत येतो.

आपल्या आशिया-पॅसिफिक हॅम विभागात आपत्तीसाठी ठरलेल्या जागा ७.११० आणि ३.६०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत. गटाचं वेळापत्रक कागदावर लिहा : कोणत्या तासाला कुठली फ्रिक्वेन्सी, ऐकू आलं नाही तर किती मिनिटांनी दुसरीकडे. ॲम्पतासने सांगितलेली तासाला १५ मिनिटांची काटकसर या कागदाशिवाय जमत नाही, कारण समोरच्याला तुम्ही कधी ऐकताय हे माहीत हवं.

पॉवरबद्दल. १०० वरून २५ वॉटवर आलात तर समोर फक्त ६ डीबी, म्हणजे एक एस-युनिट (सेटच्या सिग्नल मीटरवरची एक पायरी) कमी दिसतं. करंट मात्र चौथाई होत नाही, निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणून २५ च्या खाली जाऊन फारशी बचत नाही.

वादळाचा इशारा आला की अँटेना उतरवा, गुंडाळून पिशवीत ठेवा, वारा पडल्यावर चढवा. दोन माणसं, वीस मिनिटं. वर राहिलेली अँटेना फांदीबरोबर जाते. विजा चमकत असताना कोअॅक्स सेटमधून काढून खिडकीबाहेर, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

वाशिष्ठीकाठ

हे सोनं आहे, आभार. दोन उपप्रश्न : गावातल्या गावात व्हीएचएफला अँटेना काय लावू? आणि पॅनल लावलं की ४० मीटरवर एस-७ ची खरखर येते, ती कंट्रोलरचीच का?

खरखर

कंट्रोलरचीच. खात्री करायची तर पॅनल चादरीने झाका. आवाज गेला की चोर सापडला. पीडब्ल्यूएम सेकंदाला शेकडो वेळा पॅनल जोडतो-तोडतो, आणि पॅनलच्या लांब तारा त्याच्या अँटेना होतात. उपाय स्वस्तापासून महागाकडे : नेटच्या (ठरलेल्या सामूहिक संपर्काच्या) १५ मिनिटांत पॅनल आणि कंट्रोलरमधला स्विच बंद करा (पाव तासात एखाददोन एएच गेले तर गेले). पॅनलच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन आणा. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना ३१ नंबर मिक्सच्या फेराइट कड्यावर तारेचे ५-६ वेढे. तरी नाही गेलं तर कंट्रोलर बदला. बसवताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. नाहीतर पॅनलचे उघडे २२ व्होल्ट कंट्रोलरवर येतात, आणि काही स्वस्त तुकडे तिथेच राम म्हणतात.

मोबाइल चार्ज करायचा गाडीतला यूएसबी तुकडाही तपासा. व्हीएचएफवर तो सगळ्यात वाईट.

एक गंमत : लाइट गेली की बँड शांत होतो. शेजारचे एलईडी, टीव्ही, चार्जर सगळे बंद. एरवी एस-७ च्या खाली गाडलेली स्टेशनं तेव्हा ऐकू येतात. म्हणून एरवीच्या अनुभवावरून १०० वॉट लागतीलच असं धरू नका. त्या शांततेत उरतो तो तुमचा स्वतःचा इन्व्हर्टर, तो वर बंद करायला सांगितलाच आहे.

व्हीएचएफ : एसओ-२३९ सॉकेटवर मधोमध ४९ सेंमीची कडक तांब्याची तार उभी, चार कोपऱ्यांना ५१-५२ सेंमीच्या चार तारा ४५ अंशात खाली. झाली पाव-लहरीची ग्राउंड प्लेन, १४५ मेगाहर्ट्झसाठी. ही मात्र जितकी उंच तितकी चांगली. कोअॅक्स १५ मीटर असेल तर आरजी-५८ नको, १४५ ला जवळपास ३ डीबी खातो. १० वॉट टाकलेत तर वर ५ पोचतात. आरजी-२१३ मध्ये सव्वा डीबीच्या आसपास. सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, आणि सेटकडे येण्याआधी कोअॅक्सला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळतं. पाणी आत शिरलं की एसडब्ल्यूआर कधी कधी सुधारलेला दिसतो, कारण परतीची लहर वाटेतच जिरते. कारण नसताना आकडा चांगला झाला की कोअॅक्स उघडून जाळी काळी पडलीय का बघा.

रिपीटरवर (उंचावरून आवाज पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) विसंबू नका. त्यालाही बॅटरीच असते आणि ती तुमच्या ताब्यात नाही. १४५.५०० ला सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय थेट) कोणत्या वाडीतून कोण ऐकू येतं याचा नकाशा आत्ताच काढा.

श्रावणझड

चौथा प्रश्न राहिला. १०० वॉटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला ४०० वॉट-तासांपर्यंत देतं. कोकणातल्या लागून राहिलेल्या पावसात ५० ते १००. म्हणजे ४ ते ८ एएच, तुमच्या ५५ समोर. हँडी आणि एखादा मोबाइल. पॅनल आठवडाभराच्या अंधारासाठी ठेवा, पहिल्या ७२ तासांच्या हिशोबात शून्य धरा. पूर ओसरल्यावर ऊन पडतं तेव्हा त्याची किंमत कळते.

७२ तासांसाठी खरा चार्जर गाडी. गाडीच्या बॅटरीपासून २० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, त्यात एलएफपीचं सेटिंग (१४.२ ते १४.६ व्होल्ट). इंजिन तासभर चालू ठेवलं की २० एएच. गाडी मात्र आधीच उंचावर नेऊन लावलेली हवी. पुराचा इशारा म्हणजे पहिलं काम गाडी हलवणं.

जनरेटर असेल तर लहान १ केव्हीएचाही पुरतो, पण मधला चार्जर बघा. ट्यूब्युलर आरामात १५ ॲम्पिअर घेते, म्हणजे दिवसाचे ५५ एएच भरायला चार तासांच्या वर, शेवटी शेवटी अजून हळू. एलएफपीला ३० ॲम्पिअरने दोन तासांच्या आत. पेट्रोल निम्मं. लिथियमच्या बाजूने हा मुद्दा वर कुणी मांडला नाही.

जनरेटर घरात, जिन्याखाली, बंद व्हरांड्यात अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि तो घराच्या सॉकेटमध्ये उलटा जोडू नका. ती वीज मीटरमधून बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मरवर हाय व्होल्टेज होते, आणि खांबावर वायरमन चढलेला असतो.

मेश-हौशी

थोडं विषयांतर. वाड्यावाड्यांत परवाना नसलेल्यांना जोडायचं असेल तर दोन वाटा आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॉटचे वॉकीटॉकी आपल्याकडे परवान्याशिवाय चालतात, हाकेच्या पलीकडे एखाददोन किमी. दुसरी वाट ८६५-८६७ मेगाहर्ट्झवरचं मेशटॅस्टिक : मोबाइलवरून मजकूर, एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत. नोड (म्हणजे हा छोटा रेडिओ) घेताना ईएसपी-३२ चिपचा घेतलात तर एका १८६५० लिथियम सेलवर एखादा दिवस, एनआरएफ-५२ चिपचा घेतलात तर आठवड्याच्या आसपास. परशुराम घाटासारख्या उंच जागी एक नोड बसला की खालचं अर्धं गाव एकमेकांना दिसतं. हॅमचा सेट त्यांच्या हातात देऊ नका, ते बेकायदा आहे.

माळ्यावरचा

आणि सगळं जमल्यावर मे महिन्यात एकदा मेन स्विच पाडून २४ तास चालवून बघा. कागद, पेन्सिल (बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही), घड्याळ, डोक्याला लावायचा टॉर्च, सगळं त्याच पेटीत. निरोप लिहूनच पाठवायचा : क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर. 'तिकडे औषध हवंय' असा निरोप तिसऱ्या तोंडून जाईपर्यंत औषधाचं नाव बदलतं. जिल्हा आपत्ती कक्षाला (१०७७) आधीच लेखी कळवून ठेवा की अमुक फ्रिक्वेन्सीवर तुम्ही असाल. त्यांच्या इमारतीत ऐकणारा सेट आणि माणूस नसेल तर तुमच्यापैकी एकाला तिथे बसावं लागेल, म्हणजे चौघांचे तीनच उरले.

वाशिष्ठीकाठ

तीनच उरले हे डोक्यातच आलं नव्हतं. पाळ्या पुन्हा लावतो. एलएफपी १०० एएच आणि फिरता स्विच नक्की. वायर १० चौरसची मिळतेय. ट्यूब्युलरच्या टर्मिनलला थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची कडी) कोणतं?

तांबडी-काळी

बोल्ट मोजून घ्या, बहुतेक ट्यूब्युलरना ८ मिमी असतो, पण अंदाजावर जाऊ नका. तांब्याचं थिंबल कथिलाचा मुलामा दिलेलं, आणि ते षटकोनी दाबयंत्राने दाबून घ्या. पक्कडीने चेपलेलं थिंबल २० ॲम्पिअरला तापतं. बॅटरीवाल्याकडे दाबयंत्र नसेल तर महावितरणची कामं घेणाऱ्या कुठल्याही ठेकेदाराकडे असतं. आवळून झाल्यावर व्हॅसलीन फासा. आणि पाना वापरण्याआधी त्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, दुसरं टोक चुकून उरलेल्या टर्मिनलला लागलं तर पाना तिथेच वेल्ड होतो.